परत येणारा हार

नीराबाईंच्या घरात शालींचा तुटवडा कधीच नव्हता. मिक्सरवर शाल, पाण्याच्या पंपावर शाल, थंडीत कोंबड्यांच्या खुराड्यावर शाल. नात प्राप्ती पर्यटकांना खोल्या देते. पहाटे गारठलेल्या मुंबईकरांच्या अंगावरही तीच. आपण एका सत्काराखाली झोपलो आहोत, याचा त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसतो.

या शालींचं मूळ धक्क्याजवळच्या दगडात आहे. दगडावर तीन नावं कोरली आहेत. दोघे नौदलातले, एक हवाईदलातला. एकाहत्तरच्या लढाईत तिघे समुद्रावर गेले ते गेलेच. आणण्यासारखं काही सापडलं नाही. त्यातला बोटीच्या इंजिनघरात काम करणारा सीताराम हा नीराबाईंचा नवरा. तेव्हा लेक पोटात होती. पुढे बाकीच्या दोघांच्या घरची माणसं कोणी पुण्याला गेली, कोणी वर गेली, आणि तिघांच्या आठवणीला गावात ही एकच बाई उरली. डिसेंबरातल्या त्या तारखेला तिघांच्या वाटचा सत्कार त्या एकट्याच घेतात. दोन दुखऱ्या गुडघ्यांवर माणसाने शोक तरी किती पेलायचा!

भाषणं संपली की पाहुणे धक्क्यावरून झेंडूचा हार समुद्रात सोडतात. आता आमच्या गावातलं पोर पाढ्यांच्या आधी भरती-ओहोटी शिकतं. पाणी तिथीवर चालतं, तारखेवर नाही, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. पण त्या एका दिवशी सारं गाव पाहुण्यांच्या घड्याळावर चालतं. पाहुणे मुंबईच्या लाँचमधून रेवस बंदरात उतरणार, चहा घेणार, अकराला येणार. तेव्हा भरती असली, आणि ती बहुधा असतेच, तर पाहुणे सुरमईच्या ताटावर बसेपर्यंत हार परत पायरीशी आलेला असतो. मांडव रिकामा झाला की नीराबाई तो उचलतात आणि घरी नेऊन नारळाच्या आळ्यात घालतात. तो माड वाडीत सगळ्यात जास्त धरतो.

यंदा त्या आधीच दत्तात्रेयभाऊंकडे गेल्या. भाऊ स्मारक समितीचे अध्यक्ष, सीतारामचे चुलतभाऊ, समुद्रात मचवा हाकणाऱ्याचे चिरंजीव, म्हणजे भरती-ओहोटी तोंडपाठ.

"दत्ता, औंदा तिथीला ठेव. सप्तमीला गेले ते. सप्तमीला सकाळची ओहोटी असते. एकदा तरी जाऊ दे तो हार."

"वहिनी, पाहुण्यांनी तारीख दिलीय. आणि पाहुणा न्हाय आला तर गावपण येत न्हाय. मागे एकदा केलं होतं की आपलं आपण. तुम्ही, मी आणि मांडववाला."

"मांडववाला रडला तरी व्हता."

"त्याच्या पायावर बांबू पडला होता, वहिनी."

यावर नीराबाई हसल्या, पण उठताना म्हणाल्या, "माझं काय, दत्ता, या वर्षी हाय. पुढल्या वर्षी पायरीपर्यंत कोण जाणार?"

तारखेला पंचमी होती. पाहुणे उशिरा आले, बोलले मात्र वेळेवर आल्यासारखे. नीराबाईंनी नारळ घेतला, शाल घेतली, फोटोसाठी मान वर केली. हार सोडला तेव्हा भरती लागून चांगला वेळ झाला होता. धक्क्यावर उभ्या प्रत्येकाला ते दिसत होतं आणि प्रत्येक जण टाळ्या वाजवत होता.

मांडव रिकामा झाला. नीराबाई खुर्चीतच होत्या. हार पायरीला लागला. त्या उठल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि तिथेच थांबल्या. पुढे गुडघा ऐकेना.

पाहुण्यांना जेवायला बसवून भाऊ त्यांना न्यायला आले होते.

"वहिनी, काय राहिलं?"

"तो उचल."

भाऊंनी इस्त्रीची पँट घोट्याच्या वर भिजवून हार उचलला. पाणी निथळत होतं. "हा दरवर्षी तुम्ही उचलता?"

"मग कोण? त्यांच्या नावाचा हाय. दाराशी आलेला तसाच पडू देऊ?" त्यांनी धाप टाकली. "दरवर्षी बोळवण करायची, दरवर्षी हा परत. दमले रे मी त्यांना घरी आणून."

हार ते आपल्या घरी घेऊन गेले.

सप्तमीला सकाळी ते तोच हार पिशवीत घालून नीराबाईंच्या दारात आले. झेंडू सुकून तपकिरी झाला होता. ना मांडव, ना माईक. धक्क्यावर जाळं विणणारे दोघे होते. त्यांनी मान वर केली आणि हातातलं काम थांबवलं. भाऊ सवयीने घसा साफ करून म्हणाले, "आजच्या या प्रसंगी..."

नीराबाईंनी नुसतं पाहिलं. भाऊंनी भाषण सोडून हात पुढे केला.

नीराबाई तो धरून वरच्या पायरीपर्यंत आल्या. खालच्या पायरीवरून भाऊंनी हार पाण्यावर ठेवला. सप्तमी-अष्टमीचं पाणी म्हणजे भांगाचं, त्याला उधाणाची ओढ नसते. हार तिथल्या तिथे घुटमळला, एकदा पायरीला टेकलासुद्धा. भाऊ काठीने ढकलायला निघाले.

"राहू दे. घाई करू नको. ते घरून निघतानापण असेच. दोनदा मागे यायचे."

बराच वेळ गेला. हार मचव्यांच्या मधून सरकला, खडकाला वळसा घालून गेला, मग दिसेनासा झाला. नीराबाई तरीही पायरीकडे बघत राहिल्या. पायरी आता कोरडी पडत होती.

"चल दत्ता," त्या म्हणाल्या. "आज हात रिकामे हायेत. मला धर."