शेठचा पहिला घोट

"वाघमारे, भारीतली बाटली कुठंय?" शेठनी टेबल बघून विचारलं.

"न्हाई आणली, शेठ."

जालन्यातल्या शेठच्या हॉटेलात मी बार सुपरवायझर आहे. मेन्यूत फ्रेंच रेड वाइन आणायची होती आणि निवड माझी होती. "टेस्टिंग फसलं तर वाइनच्या फ्रिजात बियर भरू," हे शेठनी आधीच सांगितलं होतं.

मी तीन परवडणाऱ्या बाटल्या निवडल्या: बोर्दो, बोजोले आणि रोन. ही फ्रान्समधल्या भागांची नावं. तिकडं लेबलवर बहुतेकदा द्राक्षाच्या जातीऐवजी मुलूख लिहितात. बोर्दोनं तोंड कोरडं पडतं, बोजोले हलकी असते, रोनला मिरीसारखा वास येतो. तिन्ही संभाजीनगरच्या डीलरकडं कायम मिळतात. आवडलेली बाटली पुन्हा मिळणारच नसेल, तर गिऱ्हाइकाला ती चाखवायची कशाला? चव ही काही कुणाची जहागीर नाही.

कंपॅरेटिव्ह टेस्टिंग म्हणजे वाइन शेजारी-शेजारी ठेवून थोडी-थोडी चाखणं. नाव दिसू नये म्हणून मी बाटल्यांना कागद गुंडाळला. ग्लासांपुढं नंबर ठेवले.

आमच्याकडं पहिला घोट शेठचा. त्यांनी तिन्ही चाखल्या. "दोन नंबर बेस्ट."

"बिलकुल, शेठ," मॅनेजर खरात म्हणाले. त्यांनी ग्लास उचललाही नव्हता.

"दोनच," शेफ डोईफोडेनं री ओढली.

माझं डोकं सणकलं. वडिलांबरोबर चौकात समतेची पत्रकं वाटत मी मोठा झालो, ते हे ऐकायला नाही. "शेठ, हे टेस्टिंग न्हाई, हजेरी झाली. पुन्हा करू."

खरातांनी टेबलाखालून मला लाथ मारली. शेठनी आपला ग्लास माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "कर."

मी काउंटरमागं नवे ग्लास भरले, क्रम बदलला. "सगळ्यांनी चाखा. मंग डोळे मिटा आणि आवडलेल्या नंबराइतकी बोटं वर करा."

शेठची पुन्हा दोन बोटं. खरातांचं एक. डोईफोडेची तीन.

"उघडा डोळे."

"खरात, मघाशी तर दोन म्हणत होते!"

"मघाशी डोळे उघडे होते, शेठ."

"बघा, माझं पहिलंही दोन, आत्ताही दोन. बराबर ना, वाघमारे?"

"मघाशी दोन नंबरला बोर्दो होती, शेठ. आत्ता रोन आहे."

डोईफोडे हसू दाबत किचनकडं पळाला. शेठनी तिन्ही ग्लास पुन्हा चाखले, सावकाश.

"तिन्ही ठेव मेन्यूत," ते म्हणाले. "अन् पुढच्या टायमाला मला शेवटी विचार."

बाटल्यांना कागद सगळेच गुंडाळतात. मालकाचं मत झाकायचं तेवढं राहून जातं.