गारा तिकडं, पाऊस इकडं

दर रविवारी सकाळी आमच्या घरात दोन देशांच्या तंबाखूचं नुकसान मोजलं जातं, आणि मोबाइल धरून उभं राहायचं काम माझं. थोरला दादा झिंबाब्वेत एका मोठ्या तंबाखूच्या शेतावर मॅनेजर आहे. इकडं मिरजेजवळचं कृष्णाकाठचं रान आबा आणि मी बघतो. मी धाकटा. गेला नाही तो.

"गारा पडल्या का रं?" हा आबांचा पहिला प्रश्न. नातवंडं कशी आहेत, ते नंतर. "व्हय आबा, पानांची पार चाळण झाली," असं दादा म्हणाला की आमच्या वडिलांचा चेहरा असा खुलायचा की मलाच लाज वाटायची. लगेच ते आपलं एक वाळकं पान गुडघ्यावर पसरायचे आणि कॅमेऱ्यापुढं धरायचे. "आमचं बघ. रोग पडलाय थोडा, पन तुज्यापरीस लय बरं." तो थोडा म्हणजे अर्धं रान बसलेलं असायचं! दादाही तिकडून पान दाखवायचा. एकदा तर आबांनी मोबाइलच नाकाला लावला.

"आवं, वास येत न्हाई त्यातनं!" मी ओरडलो.

अहो, दादा पगारी माणूस! रान मालकाचं, तोटाही मालकाचा. त्यात ते लोक पान घरात वाळवतात, भट्टी लावून. आमची तंबाखू कापून रानातच उघड्यावर वाळत पडते. ह्याची त्याच्याशी तुलना करायचीच कशाला? पण आबांचा हिशेब वेगळा. तिकडं नुकसान झालं की पोरगं कंटाळून घरी येणार. एका गारपिटीनंतर तर त्यांनी दादाची खोली चुना लावून तयार ठेवली होती.

ह्या सगळ्यापायी माझं डोकं उठलं होतं. मला त्या रानात ऊस लावायचा होता. विषय काढला की आबांचं ठरलेलं उत्तर, "आन् तो आला तर? त्येला तंबाखूच येती." जो नाही त्याच्यासाठी पीक घ्यायचं, आणि जो आहे त्यानं गप खुरपायचं!

यंदा माघात कापणी झाली, झाडं रानात पसरली आणि अवकाळीनं गाठलं. सगळी पानं काळी पडून कुजली. रविवारी मी मुद्दाम लवकर फोन लावला. म्हटलं, आता दाखवा काय दाखवताय ते.

"आबा, औंदा गारा न्हाईत," दादा खुशीत होता. "पीक लय झ्याक हाय. तुमचं?"

आबांनी कुजलेलं पान सरळ कॅमेऱ्यापुढं धरलं. "आमचं समदं गेलं. तुजं बरं हाय न्हवं? मग तितंच ऱ्हा बाबा. हिकडं येऊ नगंस."

दादा गोंधळला. "मी कवा म्हनलो येतो म्हनून?"

आबांनी माझ्या हातातला मोबाइल खाली केला आणि पान पायरीवर ठेवलं. "ऊस लाव," ते मला म्हणाले. "तुला लावायचा हुता न्हवं?"

एवढं ऐकायला मी किती वर्षं भांडलो होतो! आणि आता म्हणताय? असं?

"तुमचा ऊस तुमीच लावा!" मी ओरडलो, आणि मलाच रडू फुटलं.