राबाची आग आणि मावशीचा हात

आमच्या सुधारक मंडळाच्या पत्रकाची पहिलीच ओळ होती : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं म्हणू नका. ती ओळ माझी होती आणि तिचा मला फार अभिमान होता. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तरी खरखरीत पिवळ्या कागदावर आम्ही ते पत्रक छापून घेतलं. पिशवीत गठ्ठा घालून मी कशेळ्याच्या आसपासच्या वाड्यांतून फिरायचो. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे मी दिसेल त्याला सांगायचो. अर्ध्या लोकांना वाचता येत नव्हतं, तरी ते पत्रक घेत, चुलीला उपयोगी पडतं म्हणून.

मी खोपोलीचा. विजेच्या कारखान्याजवळ वाढलो. कारण म्हणजे बटण आणि कार्य म्हणजे दिवा, इतकं सोपं माझं शास्त्र होतं. शेतीतलं मला काही कळत नव्हतं आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

कशेळ्यापासून तासाभराच्या वाटेवर एक वाडी होती. तिथं मी एका बाईच्या ओटीवर मुक्कामाला असायचो. तिला मी मावशी म्हणायचो. आदल्या वर्षी तिचा नवरा तापानं गेला होता. मूलबाळ नव्हतं. भाताची जमीन तिच्या एकटीच्या अंगावर पडली होती आणि ती कसण्याची हिंमत तिच्यात होती.

वैशाखात तिचा राब तयार झाला. तिकडं भाताचं रोप जिथं करायचं त्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या, गवत असे थर देतात, वर माती टाकतात आणि ते सगळं जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. सगळं रचून झालं आणि मावशी शेजाऱ्याला बोलवायला निघाली. वाडीचा रिवाज असा, की राबाला आग घरच्या पुरुषानं लावायची, नाहीतर सवाशिणीनं. विधवेनं नाही.

माझं डोकं तडकलं. "मावशी, फांद्या तोडल्या कुणी? शेण वाहिलं कुणी?"

"मीच की रं."

"मग आग लावायला हात विटाळतो होय? तूच लाव!"

ती घुटमळली. "लोक बोलतील."

"बोलू देत. मला त्यांना दाखवायचंच आहे."

दाखवायचं होतं म्हणूनच मी तिला वाटेच्या बाजूला, पश्चिमेकडं, उभं केलं. बाजाराहून परतणाऱ्यांना दिसलं पाहिजे. ती म्हणाली, "हिकडनं? आरं, पन ते तर पल्याडनं..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. ती अजून भिते आहे असं मला वाटलं. मी समानतेवर चार वाक्यं बोललो आणि तिनं काडी ओढली.

वारा पश्चिमेचा होता. आग अशी धावत गेली, की माझी छाती फुगली. विडी ओढून होईल एवढ्यात सगळा राब काळा. वाटेवरच्या बायका थांबून बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मी जिंकलो होतो.

मृगात मावशीनं बी पेरलं. महिना होत आला तरी रोपं पिवळी आणि आखूड, आणि त्यांच्यापेक्षा तण उंच. शेजारच्या राबात गुडघ्याएवढी हिरवीगार रोपं वाऱ्यावर डुलत होती. मग जे व्हायचं ते झालं. लोक म्हणायला लागले, रांडमुंड बाईच्या हातची आग, म्हणून रोप जळालं. हे बोलणं नुसतं बोलणं राहिलं नाही. लावणीला तिकडं सावड असते. आज सगळे एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. यंदा मावशीची पाळी धरायचीच नाही असं ठरत होतं. तिच्या शेतातला चिखल पायाला लागून आपल्या शेतात येईल ही भीती. सावड नाही म्हणजे लावणी नाही, आणि लावणी नाही म्हणजे जमीन वर्षभर पडीक. एका बाईच्या दोन हातांनी ते होण्यासारखं नव्हतं.

मारुतीच्या देवळात पाळ्या ठरवायला लोक बसले, तेव्हा मी आगंतुकासारखा उठलो आणि पत्रक वाचून दाखवलं. कावळा, फांदी, सगळं. सावडीच्या पाळ्या लावणारा म्हातारा शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "बरं. कावल्यानं मोडली नाय. मानलं."

"मानलंत ना?"

"मानलं रं पुढारी. पन मग फांदी मोडली कशानं, ते सांगशील का नाय?"

देऊळ हसलं. योगायोग, असं काहीतरी मी पुटपुटलो. "बाजूचा राब हिरवा आनि हिचाच पिवला, आनि त्याला तू योगायोग म्हनतोस," म्हातारा म्हणाला. "त्यापेक्षा आमचा हात बरा. कायतरी कारन तरी हाय."

आज लिहिताना मला वाटतं, त्याचं म्हणणं रास्त होतं. खोटं कारण काढून घेतलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर माणूस ते खोटं परत उचलणारच. त्या दिवशी मात्र मी मूर्ख, आंधळे, मेंढरं असे शब्द वापरून बाहेर पडलो. त्यानं मावशीचं आणखीच नुकसान झालं असणार.

ती राबात तण उपटत बसली होती. मी तणतणत सगळं सांगितलं. ती तण उपटतच राहिली. मग म्हणाली, "बोलून झालं? आता हिकडं ये."

पूर्वेच्या बांधाला लागून एक कोपरा होता, दोन घोंगड्या अंथरता येतील एवढा. तिथली रोपं शेजाऱ्याच्या रोपांसारखीच उंच, काळपट हिरवी. तण जवळजवळ नाही.

"आग पलत आली, बांधाला अडली," ती म्हणाली. "तिथं शेन ओलं हुतं, मातीबी जाड पडली हुती. मग ती मागं फिरली, वाऱ्याच्या तोंडावर, धुमसत धुमसत. दिवस बुडस्तवर धूर हुता. मी बगितलाय. तू तर जेवून झोपला हुतास."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? बी येकच. पानी येकच. आनि हात? दोनी जाग्याला माजाच हात नाय का? मग हितं का नाय जललं?"

वाऱ्याबरोबर सुटलेली आग वरवर जाते. जमीन भाजत नाही, तणाचं बी मरत नाही. म्हणून आग नेहमी वारा जिकडं जातो त्या टोकाला लावायची, म्हणजे ती वाऱ्याच्या उलटी, सावकाश सरकते. वाडीतल्या पोराटोरांना हे ठाऊक होतं. तिलाही होतं.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलत हुते की," ती म्हणाली. "तू समानता सांगत हुतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हाताऱ्याला बोलावलं. मागोमाग आठ-दहा जण आले. आदल्या दिवशीच्या शिव्यांबद्दल आधी माफी मागितली. मग सांगितलं, आग पश्चिमेकडनं लावायला मी लावली, वाटेवरून दिसावी म्हणून. चूक माझी, तिच्या हाताची नव्हे. आणि कोपरा दाखवला. मावशीनं आपला प्रश्न पुन्हा विचारला. म्हातारा उकिडवा बसला, बोटांनी माती उकरली, हुंगली.

"आमी वाटंवरनं पिवली रोपं बगितली आनि घरी गेलो," तो म्हणाला. "हिरवी बगाया आत कोन येतंय?"

मीही आत गेलो नव्हतो. आत जाऊन बघावं, असं पत्रकात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यांना पटलं असं नाही. मधल्या घरची एक म्हातारी म्हणाली, "वारा बी असंल, हात बी असंल." एका कोपऱ्यानं सगळं सिद्ध होत नाही. म्हाताऱ्यानंच तोड काढली. यंदा सावड मावशीकडं जाईल, कमी पडणारी रोपं ज्याची उरतील तो देईल. आणि पुढच्या वैशाखात राब तिनंच पेटवायचा, पण रीतसर. मग बघू.

एका बाईला आपल्याच शेतात काडी ओढायला परीक्षा द्यावी लागते, याची चीड मला तेव्हा आली आणि आजही ती गेलेली नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "चालंल."

पुढच्या वैशाखात मी मुद्दाम गेलो. निम्मी वाडी वाटेवर बसली होती. म्हातारा माझ्याजवळ आला, न विचारता पिशवीत हात घातला, एक पत्रक काढून त्याची चिंधी फाडली आणि हवेत सोडली. ती राबावरून गिरक्या घेत पूर्वेच्या बांधाकडं गेली.

"हां," तो म्हणाला. "आता कामाला आलं तुजं पत्रक."

मावशीनं पदर खोचला, काडेपेटी घेतली आणि राबाला वळसा घालून त्या चिंधीच्या मागं निघाली.