मी ‘निल’ लिहिलं

“ताई, तीन बाटल्या पाणी झालं. होतच नाय,” हरेश म्हणाला.

सेमीफायनल संपून दीड तास झाला होता. टीम बसमध्ये बसून आमची वाट बघत होती. हरेश आणि मी स्टेडियममधल्या एका लहान खोलीत अडकलो होतो. समोर डोपिंग तपासणीचा अधिकारी रिकामं भांडं टेबलावर ठेवून शांत बसला होता. मोठ्या स्पर्धेत सामना संपला की दोन-तीन खेळाडूंची नावं निघतात आणि त्यांनी तिथल्या तिथे लघवीचा नमुना द्यायचा असतो. नव्वद मिनिटं धावलेल्या माणसाच्या अंगात पाणी उरलेलं नसतं. त्यामुळे ही खोली म्हणजे मुख्यतः वाट बघण्याची खोली.

“घाई कशाला? होईल,” मी म्हटलं. “तुझा समोसा ठेवलाय बसमध्ये.”

“कॅप्टन हाय बसमदी. समोसा कसला ऱ्हातोय.”

मी फिजिओथेरपिस्ट. राहते शहापूरला. आमचा फुटबॉल क्लब व्यावसायिक, पण लहान. सरावाचं मैदान शहापूरजवळ भाड्याने घेतलेलं, म्हणून मला ही नोकरी मिळाली. खेळाडूंचे गुडघे, घोटे, मांड्यांचे स्नायू हे माझं काम. टीमला स्वतंत्र डॉक्टर परवडत नव्हता, त्यामुळे औषधांची यादी सांभाळणं आणि तपासणीला खेळाडूसोबत बसणं हेही माझ्याकडेच.

हरेश आमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून समोरच्या फॉरवर्डला अडवणारा. मुरबाडच्या पुढच्या एका गावातला, भातशेती असलेल्या घरातला. वय बत्तीस. या वयात स्टॉपरचे पाय मंदावतात, पण कुठे उभं राहायचं हे त्याला सगळ्यांपेक्षा आधी कळायचं. त्या दिवशी त्याने गोललाइनवरून बॉल काढला होता. नाहीतर आम्ही गेलोच होतो.

ही देशभरातल्या क्लबांची बाद पद्धतीची कप स्पर्धा. लीगमध्ये हरलात तर पुढच्या आठवड्यात दुसरा सामना असतो. कपात हरलात की बॅग भरायची. आमच्यासारखा क्लब तिथे फायनलला जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आम्हालाही नाही. हरेशचा करार मोसमाअखेर संपत होता. मॅनेजर कामत त्याला म्हणाले होते, “फायनलमध्ये असाच खेळ. पुढच्या वर्षाचं मी बोलतो.” हरेशला तेवढंच हवं होतं, आणखी एक वर्ष.

नमुना एकदाचा झाला. मग फॉर्म. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहा, असा त्यात एक रकाना असतो. फॉर्म इंग्रजीत होता. मी वाचून मराठीत विचारलं, “सात दिवसांत काही औषध घेतलंस?”

“नाय, ताई.”

“नक्की?”

“नाय वो. काय औषध नाय.”

मी रकान्यात ‘निल’, म्हणजे काही नाही, असं लिहिलं. अक्षर माझं, खाली सही त्याची.

फायनल तीन आठवड्यांनी होती. तिच्या पाच दिवस आधी कामतांनी मला ऑफिसात बोलावलं आणि मोबाइल पुढे केला. हरेशच्या नमुन्यात डेक्सामेथासोन सापडलं होतं.

हे एक स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड म्हटलं की लोकांना फुगवलेले दंड आठवतात. हे ते नव्हे. सूज, दमा, अंगावरचं पित्त यांवर डॉक्टर हे रोज वापरतात. काही ठिकाणी साध्या तापालाही देतात. एरवी खेळाडूने घेतलं तरी चालतं, पण सामन्याच्या दिवशी ते शरीरात असता कामा नये. इंजेक्शनने घेतलं तर पाच दिवस तरी मध्ये जायला हवेत.

“तुम्ही दिलं नाही ना काही?” कामतांनी विचारलं.

“नाही.”

“मग त्याने लपवलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते, मॅडम. बत्तिसाव्या वर्षी दोन वर्षं.”

मला राग आला होता. हरेशला माझ्या खोलीत बोलावलं, दार लावलं.

“काय घेतलंस?”

“काय नाय, ताई.”

“लॅबला तुझ्याशी काही वैर नाही, हरेश.”

“आईची शपथ. गोळीसुद्धा नाय घेतली.”

“क्वार्टर फायनलनंतर दोन दिवस घरी गेला होतास. तिथे डॉक्टरकडे गेलास?”

“गेल्तो. ताप व्हता अंगात. तुमाला कळलं तर बसवाल म्हणून बोललो नाय.”

“डॉक्टरनी काय दिलं?”

“सुई दिली.”

“मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालास?”

त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता.

“तुमी औषध विचारलंत,” तो म्हणाला. “सुई कुठं विचारलीत?”

मी याच तालुक्यांत वाढले. आमच्याकडे औषध म्हणजे झाडपाल्याचं नाहीतर बाटलीतलं. शेतात फवारतात तेही औषध. गोळी ती गोळी आणि सुई ती सुई. माझी सासू आजही म्हणते, “औषध नको, एक सुई मारून घेते.” हे मी हजार वेळा ऐकलेलं. टेबलावर फॉर्म आला की मात्र मी पुस्तकातलं मराठी बोलायला लागते.

सुई सामन्याच्या तीन दिवस आधीची होती. त्याने सांगितलं असतं, मी नीट विचारलं असतं, तर मी त्याला सेमीफायनलला बाहेर बसवलं असतं. तो चिडला असता आणि फायनल खेळला असता.

कामतांनी त्याला समजावलं, “आजपासून स्वतःहून बाहेर बस. हा काळ शिक्षेतून वजा होईल. आणि त्या डॉक्टरचा कागद आण. काय दिलं, कधी दिलं, कशासाठी दिलं. कागदाशिवाय तुझं कुणी ऐकणार नाही.”

हरेशने मान हलवली. फायनलचं त्याने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश आणि मी त्याच्या गावी गेलो. डॉक्टरचा दवाखाना म्हणजे किराणा दुकानाच्या बाजूला दोन खोल्या. बाकावर चार-पाच बायका बसलेल्या. डॉक्टर वयस्कर, सभ्य गृहस्थ. मी सगळं सांगितलं. ते एकदम सावध झाले.

“मी सुई दिल्याचं मला आठवत नाही.”

“डॉक्टर, तुम्ही चूक केली असं कुणी म्हणत नाही. औषध कायदेशीर आहे. फक्त तारीख आणि नाव लिहून द्या.”

“आज तुम्ही असं म्हणता. उद्या पेपरात येईल, अमक्याने खेळाडूला स्टेरॉइड टोचलं. मी इथे एकटा आहे, बाई.”

“ऱ्हाऊ द्या, ताई,” हरेश म्हणाला. “बाबा आजारी व्हते तवा हेच रोज घरी यायचे. उद्या आईला काय झालं तर याच दारात यायचंय मला.”

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

तेवढ्यात त्याची आई आत आली. आम्ही गावात आल्याचं कुणीतरी तिला सांगितलं असणार. चिखलाच्या पायांनी ती दारातच थांबली.

“डॉक्टर, तुमीच टोचली ना? मी हितंच उभी व्हते. तुमी बोललात, उद्या पोरगा घोड्यासारखा पळंल.”

बाकावरच्या बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

मग ती माझ्याकडे वळली. “अगो बाय, पण तुमीच तर सांगलं व्हतं.”

“मी काय सांगितलं?”

“ह्यानी येऊन सांगलं मला. मॅडम बोलल्या, घरचं झाडपाल्याचं औषध घ्यायचं नाय, काय झालं तर डॉक्टरकडंच जायचं. मी काढा केलेला. त्यानी हात नाय लावला. म्हणून तर हिकडं आणला.”

हे खरं होतं. मोसमाच्या सुरुवातीला मी सगळ्या खेळाडूंना उभं करून भाषण दिलं होतं. गावठी औषधांत काय असतं ते कळत नाही, आजारी पडलात तर शिकलेल्या डॉक्टरकडे जा. कुठल्या डॉक्टरकडे, आणि त्याला काय सांगायचं, हे मी बोलले नव्हते. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं असेल. हरेशने पाळलं. काढा पिऊन घरी झोपला असता तर ताप दोन दिवसांनी उतरलाच असता.

डॉक्टरांनी खण उघडला आणि लेटरहेड काढलं. तारीख, ताप, औषधाचं नाव, सही, शिक्का. मी वाचून बघितलं. सगळं बरोबर होतं.

“खेळाडू आहेस हे मला ठाऊक होतं,” ते हरेशला म्हणाले. “तपासणी बिपासणी असते, हे नव्हतं ठाऊक.”

“असू दे, डॉक्टर,” हरेश म्हणाला.

फायनलला मी टीमबरोबर गेले. तो घरी राहिला. आम्ही एक-शून्यने जिंकलो. कप कामतांच्या डोक्यावरून फिरला, फोटो झाले. मी बर्फाच्या पिशव्या आवरत होते, तेव्हा हरेशचा फोन आला. त्याने मोबाइलवर सामना बघितला होता.

“ताई, माझ्या जागी खेळला त्याच्या डाव्या मांडीकडं बघा. शेवटची दहा मिनटं वडत व्हता पाय.”

मी जाऊन बघितलं. स्नायू ताणला गेला होता. बेंचवर बसून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सुनावणी दोन महिन्यांनी, ऑफिसातल्या लॅपटॉपवर झाली. समोर डोपिंगची प्रकरणं ऐकणाऱ्या समितीचे तिघे जण. मी सांगितलं की ‘निल’ मी लिहिलं, प्रश्न मी चुकीचा विचारला, आणि डॉक्टरकडे जायलाही त्याला मीच सांगितलं होतं.

त्यातल्या एक बाई म्हणाल्या, “तुम्ही त्याच भागातल्या. तिथे इंजेक्शनला औषध म्हणत नाहीत हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही.”

“आणि खेळाडूने ताप का लपवला?”

हरेश म्हणाला, “सेमीफायनल व्हती, मॅडम.” त्यांनी ते लिहून घेतलं.

डॉक्टरच्या कागदामुळे लबाडी नाही हे मान्य झालं. शिक्षा एक वर्षावर आली. सगळे म्हणाले, चांगला निकाल लागला. कायद्याच्या दृष्टीने तो चांगलाच होता. क्लबने करार वाढवला नाही, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. वर्षभर टीमबरोबर सरावालाही यायला बंदी असलेल्या, तेहेतिशीला आलेल्या स्टॉपरला कुणी ठेवत नाही. शिक्षा संपली तेव्हा त्याने दोन क्लबांना फोन केले. दोघांनी कळवतो म्हटलं.

मला कुणी काही बोललं नाही. माझी नोकरी आहे तशीच आहे. पगारही वाढला, कप जिंकल्यामुळे.

मी नवीन तक्ता केला आणि ड्रेसिंग रूममध्ये लावला. ‘औषध’ हा शब्दच काढून टाकला. सुई टोचली का? गोळी घेतली का? बाटलीतलं काही प्यायलात का? काढा, झाडपाला? मलम, थेंब? सामन्याआधी प्रत्येकाला एकेक प्रश्न, तोंडी, त्याच्या भाषेत. बंगाली आणि मणिपुरी पोरांसाठी त्यांच्याच मित्रांकडून लिहून घेतला.

हरेश आता मुरबाड-कल्याण जीप चालवतो. गेल्या महिन्यात मुरबाडला काम होतं, तिथून कल्याणला जाताना तो स्टँडवर भेटला. जीप भरायला तीन माणसं कमी होती. मी त्याच्या शेजारी बसले आणि मोबाइलवरचा तक्ता दाखवला. दाखवावा की नाही, हे ठरवायला मला वर्ष लागलं होतं.

त्याने बोटाने मोठा करून सगळा वाचला. सावकाश, दोनदा.

“सलाईन ऱ्हायलं,” तो म्हणाला.

“काय?”

“सलाईन नाय लिवलं. अशक्तपणा वाटला की आमच्याकडं जाऊन लावून घेतात. ते सुईत धरत नाय कोणी.”

खेळाडूला मोठी सलाईन लावायलाही बंदी आहे. ते मी विसरले होते. मी तिथेच बसून ओळ घातली. तोवर तीन माणसं आली होती. हरेशने माझ्या बाजूचं दार नीट लागलं का ते बघितलं आणि जीप सुरू केली.