एका मोबाइलवर किती शेतकरी

आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं टेस्टिंग माझ्याकडे आलं, कारण कोड लिहायला मी हळू होते. तसं कुणी तोंडावर बोललं नाही. पाचजणांच्या टीममध्ये टेस्टिंगची प्रमुख मी, आणि माझ्या हाताखाली एक मैत्रीण. सारखी चुका दाखवते म्हणून बाकीचे मला सासूबाई म्हणायचे. मीही हसायचे.

शेतकऱ्याला बाजार समितीत कापूस विकायच्या पाळीचं टोकन घरूनच मिळावं, असं ते अ‍ॅप होतं. सोमवारी ते आमच्या बेला मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, गावांत सुरू होणार होतं. शुक्रवारी मी बाबांच्या नावाने टोकन घेतलं, मग त्याच मोबाइलवरून काकांच्या नावाने. काकांना टोकन मिळालं आणि बाबांचं गायब झालं. सूचना नाही, काही नाही.

टीम लीडर आदिलाबाद शहरातला, आईवडील दोघंही नोकरीत. तो म्हणाला, "एक मोबाइल म्हणजे एक शेतकरी. आता प्रत्येकाकडे फोन असतोच ना?"

फोन असतो. पण आमच्या गल्लीचे ओटीपी माझ्या फोनवर येतात. कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून गॅसला, पीकविम्याला सगळ्यांनी माझाच नंबर दिलेला. मी वर्गात असले तरी काकांचा फोन येतो, "बाई, आला का वं आकडा? सेंटरवाला थांबून राह्यला इथं."

हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. त्याला एवढंच म्हटलं, "मी टेस्टच्या रिपोर्टवर पास लिहिणार नाही."

"सासूबाई, प्रोजेक्टच्या सरांनी बाजार समितीला शब्द दिलाय. सोमवारनंतर दुरुस्त करू."

"आणि सोमवारी गाडी भरून आलेल्या माणसाला परत कोण पाठवणार? तू?"

"गावाचं एवढं लागतं तर गावातच राहायचं होतंस."

माझे कान तापले. इथेच रडू फुटेल या भीतीने मी मोबाइल हातात घेतला आणि सरांच्या खोलीत गेले. सरांना मराठी येत नाही, त्यांच्याशी हिंदीत बोलावं लागतं आणि माझी हिंदी अडखळते. म्हणून आधी बोललेच नाही. त्यांच्यासमोर बाबांचं टोकन घेतलं, मग काकांचं, मग शेजारच्या आजोबांचं. पडद्यावर एकटे आजोबा उरले.

"बाकी सब ठीक है ना?"

"बाकी ठीक है, सर. पर मैं पास नहीं लिखती."

"तो कोई और लिख देगा."

"लिखने दो, सर. सोमवार को मैं मार्केट के गेट पे खड़ी रहती. जिसका टोकन गया, उसको बताती कैसे गया."

सरांनी माझ्याकडे न बघता बाजार समितीत फोन लावला आणि आठवडाभर थांबायला सांगितलं.

आठवडा संपायच्या आत एका दुपारी लीडरने दुरुस्त केलेलं अ‍ॅप माझ्यापुढे सरकवलं. मी तीन नावं टाकली. तिन्ही टोकनं राहिली.

मी चौथं नाव टाकायला घेतलं.

"अजून?"

"अजून. आमची गल्ली मोठी आहे."