मिठाच्या पाण्यातलं पारडू

आंब्याची पेटी उघडली आणि पेंढ्याचा वास आला, तशी मी तिथेच खाली बसले. हल्ली बसायला नुसतं निमित्त पुरतं.

कोलशेतला जिथे आज आमचा टॉवर आहे तिथे आईच्या पाच म्हशी होत्या. एकीचं पारडू जन्मल्यावर आठवड्यातच गेलं. नर होतं, म्हणून त्याच्या वाटणीचं दूधही आम्ही विकलेलं. पारडू समोर नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून आईने त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेतला. धार काढायच्या वेळी ते म्हशीपुढे ठेवायचं आणि तिने चाटावं म्हणून त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, हे माझं काम. मीठ आमच्याच मिठागरातलं.

एका सकाळी चाटून चाटून पोटाची शिवण उसवली. म्हशीने बाहेर आलेला पेंढा हुंगला, जरा थांबली आणि खायला लागली. पान्हाही सोडला.

मी हसत सुटले. "आई, बघ गो येडी! पोराच्या पोटातला पेंढा खाते!"

आईने धार थांबवली नाही. "येडी नाय ती. तिला सगला कलते. पन दूध दाटलंय, ती तरी काय करील?"

दुपारी आईने शिवण घातली. दुसऱ्या दिवशी मी मीठ जरा जास्तच घातलं, म्हशीला बरं वाटावं म्हणून.

ती मिठासाठी चाटत नव्हती, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.