ना आउट, ना सेफ

नगरमध्ये बेसबॉल खेळतात असं सांगितलं की पाहुणे आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघतात. बाई बरी आहे ना, असं त्या बघण्यात असतं. पण खेळतात. शाळांचे संघ आहेत, त्यातही मुलींचे जास्त. आणि पाच दिवस सरकारी कचेरीत टपाल सांभाळणारी मी रविवारी छातीला पॅड आणि तोंडाला जाळीचा मास्क लावून त्यांच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहते.

या फंदात मला पाडलं ते शाळेतल्या आमच्या खेळाच्या सरांनी. निवृत्त झाल्यावरही जिल्ह्यातल्या सामन्यांना पंच पुरवायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन ठरलेला. "अगं, या रविवारी संगमनेर." हो सर. "या रविवारी श्रीगोंदा." हो सर. आठवीत ज्यांच्या शिट्टीवर मैदानाला फेऱ्या मारल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं? गेल्या हिवाळ्यात असे सलग अकरा रविवार झाले.

आधी नुसती पाठ दुखायची. मग डोकं दुखायला लागलं. झाडाखाली बसलेले एखादे काका "अंपायरबाई, चष्मा लावा!" म्हणून ओरडले की पूर्वी मला हसू यायचं. आता ते काका सोमवारी कचेरीतही माझ्या डोक्यात ठाण मांडून बसायचे. एकदा नवरा म्हणाला, आमटीत मीठ कमी आहे. मी हात वर करून म्हटलं, "निर्णय झालेला आहे." तो बिचारा म्हणाला, "अगं, अपील तरी करू दे." मला हसूसुद्धा आलं नाही. उठून वरण गरम करायला गेले.

पण खरा हादरा बसला तो अकराव्या रविवारी. मी ओणवी होऊन, बॅटिंगवालीच्या मागे बसलेल्या कॅचरच्या खांद्यावरून बघत होते, म्हणजे डोळे तिकडे होते. मनात उद्याची टपालं चालली होती. बॉल ग्लोव्हमध्ये धप्पकन बसला, मी दचकले आणि ओरडले, "स्ट्राइक!" बॉल नीट मारण्याजोगा आला की बाहेरून गेला, देव जाणे. तो तिसरा स्ट्राइक होता, म्हणजे बॅटिंग करणारी मुलगी आउट. जाताना तिने फक्त एकदा वळून माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा काकांच्या शिव्या परवडल्या. मला माझीच लाज वाटली. न बघता निर्णय देणारी पंच हवी कशाला? त्याच संध्याकाळी सरांना फोनवर सांगून टाकलं, कर्जतला यायचा शब्द दिलाय तेवढा पाळते, त्यानंतर तुमचा मास्क तुम्हाला परत. सर नुसतं "बघू" म्हणाले.

कर्जतचं मैदान म्हणजे टणक माती, फक्कीच्या रेषा आणि बेस म्हणून माती भरलेली पोती. होम प्लेट, म्हणजे जिथून मारायचं आणि फिरून जिथे पोचलं की रन, तेवढी रबराची. पाहुणा संघ नगरचा. यजमान मुली चार महिन्यांपूर्वीपर्यंत घरामागे भावांबरोबर क्रिकेट खेळत होत्या, आणि ते दिसत होतं. बॉल मारला की बॅट टाकून पळायचं असतं, पण या बॅटसकट पळायच्या. त्यांचे सर रेषेबाहेरून घसा फोडून ओरडायचे, "बॅट टाक! पाय लाव, पाय!"

शेवटच्या डावात बरोबरी झाली. कर्जतच्या एका उंच मुलीने असा बॉल हाणला की तो थेट बाभळींत शिरला. पोरगी सुटली. हातात अर्थातच बॅट. पहिल्या बेसला पाय, दुसऱ्याला पाय, तिसऱ्यालाही पाय. तेवढ्यात बाभळीतून बॉल निघाला आणि कॅचरकडे यायला लागला. मी मास्क वर सारला आणि बघत राहिले. होम जवळ आलं आणि त्या मुलीच्या अंगातलं क्रिकेट जागं झालं. तिने लांबूनच सूर मारला, बॅट पुढे सरकवली आणि प्लेटवर टेकवली. स्वतः वीतभर अलीकडेच पालथी पडली. आता कॅचरने बॉल तिच्या अंगाला लावायचा, की ती आउट. पण नगरची कॅचरही शेवटी क्रिकेटच्याच देशातली. तिने बॉल झेलला, स्टंपिंग केल्यासारखा प्लेटवर आपटला आणि हात उंचावून "हाउझॅट!" म्हणून ओरडली.

बॅट टेकवून कोणी सेफ होत नाही, अंग लागावं लागतं. प्लेटला बॉल लावून कोणी आउट होत नाही. म्हणजे ना आउट, ना सेफ. आणि हे इतक्या जवळून त्या मैदानावर फक्त मला दिसलेलं. अशा वेळी पंचाने तोंड उघडायचं नसतं, नाहीतर एका बाजूला मदत होते. मी हात मांडीला चिकटवून उभी राहिले.

दोघी माझ्याकडे बघतायत. सगळं मैदान माझ्याकडे बघतंय. एक टोपीवाले बाबा पार रेषेपर्यंत आले. "अवो बाई, आउट हाय का न्हाई? कायतरी बोला की!"

दुसऱ्याने त्यांना समजावलं, "बाईंचं नेटवर्क गेलं जनू."

माझ्या पोटात हसू मावेना. ओठ घट्ट दाबून मी उभी होते. कचेरी नाही, पाठ नाही, डोक्यात कुठलेच काका नाहीत. समोर फक्त एक बॅट, एक बॉल आणि वीतभर माती. इतकं स्वच्छ मला कित्येक महिन्यांत काही दिसलं नव्हतं.

उंच मुलीची नजर माझ्या हातांवरून बॅटवर गेली, बॅटवरून प्लेटवर. तिचे डोळे विस्फारले. तिच्याकडे बघून कॅचरचेही. दोघींनी एकदमच झेप घेतली. उंच मुलीचा पंजा प्लेटवर पडला आणि नंतर, अगदी निमिषभर नंतर, बॉल तिच्या पाठीला लागला.

"सेफ!" मी इतक्या जोरात ओरडले की बाभळीतले पक्षी उडाले. कर्जत जिंकलं. नगरचे प्रशिक्षक तावातावाने आले, पाच मिनिटं भांडले. मी सगळं ऐकून घेतलं, नियम सांगितला, आणि मला काहीही झालं नाही. मागे त्यांचीच कॅचर मातीत बसून त्या उंच मुलीबरोबर हसत होती.

सामना संपल्यावर, मास्क न्यायला मुद्दाम आलेले आमचे सर पिशवी उघडून उभे राहिले. "दे मास्क. तुझं ठरलंय ना?"

मी मास्क पिशवीत टाकला. "येता रविवार आणि त्याच्या पुढचा, दोन्ही रविवार मी येणार नाही सर. मी झोपणार आहे. तिसऱ्या रविवारी घेऊन या. यापुढे महिन्यातून दोनच सामने."

बोलून गेले, आणि मग लक्षात आलं. सरांना उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा तोंडावर नाही म्हटलं होतं.

सरांनी पिशवीची चेन लावली. "बरं," ते म्हणाले. "मग हे आधी सांगायचं नाही का?"